घरात फोन एकच: शाळकरी मुलं, इंटरनेट आणि घरचा पैसा

खान्देशातली रावेर-यावलची केळीपट्टी घ्या, साक्रीकडचं माळरान घ्या किंवा शहादा-तळोद्याची गावं. शाळकरी पोराच्या हातात दिसणारा फोन बऱ्याचदा त्याचा नसतो, वडिलांचा असतो. त्यात शाळेचा ग्रुप असतो, गणिताचे व्हिडिओ, अहिराणी गाणी, फ्री फायरसारखे गेम. त्याच फोनमध्ये केळी विकल्याचे पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज असतो, फोनपे असतं, घरातल्या सगळ्यांच्या आधारचे फोटो आणि आईच्या बचत गटाचा हिशोबही असतो. ‘मुलाला त्याचा वेगळा फोन द्या आणि लक्ष ठेवा’ हा सल्ला इथे अनेक घरांत लागूच पडत नाही. मुलाची सुरक्षितता आणि घरची पुंजी एकाच स्क्रीनवर आहे, हे धरूनच तयारी करावी लागते.

आणखी एक गोष्ट सगळ्यात आधी. मुलाच्या हातून चूक झाली आणि त्यानं ती पहिल्या तासात घरात सांगितली, तर बहुतेक नुकसान थांबवता येतं. तीच गोष्ट आठ दिवसांनी कळली, तर पैसे दहा खात्यांतून फिरून गेलेले असतात आणि मूल आतून खचलेलं असतं. ते सांगत नाही, कारण मार बसेल, फोन काढून घेतील, मुलगी असेल तर शाळाच बंद करतील. म्हणून खाली दिलेल्या एकाही सेटिंगला हात लावण्याआधी मुलाला समोर बसवून स्पष्ट शब्दांत सांगा: ‘काहीही झालं तरी आधी मला सांग. त्या दिवशी मी रागावणार नाही.’ आणि तो दिवस आला तर शब्द पाळा.

दुकानात काढलेला जीमेल आधी आपला करा

नवा फोन घेतला की मोबाइलवालाच जीमेल काढून देतो. पासवर्ड ठरलेला असतो: नाव आणि जन्मसाल, नाहीतर मोबाइल नंबर. तो दुकानदाराला माहीत असतो, कधी वहीत लिहिलेला असतो आणि घरात मात्र कोणालाच माहीत नसतो. फोनमधले फोटो, संपर्क आणि प्ले स्टोअर सगळं याच खात्यावर चालतं.

सेटिंग्जमध्ये ‘गुगल’ उघडा, तिथून ‘मॅनेज युवर गुगल अकाउंट’ आणि मग ‘सिक्युरिटी’. पासवर्ड बदला. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले आणि मध्ये एखादा आकडा टाकला, की पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. गावाचं नाव, कुलदैवत, मुलाचं नाव नको. ओळखीचा माणूस हेच आधी टाकून बघतो. मग ‘रिकव्हरी फोन’मध्ये कोणाचा नंबर आहे ते बघा. तिथे दुकानदाराचा किंवा बंद पडलेल्या सिमचा नंबर अनेकदा सापडतो. तो काढून आईचा किंवा वडिलांचा चालू नंबर टाका. शेवटी ‘युवर डिव्हाइसेस’ उघडा आणि आपला नसलेला प्रत्येक फोन ‘साइन आउट’ करा. पासवर्ड कागदावर लिहून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला तरी चालेल. घरातला कागद फोनमधल्या नोंदीपेक्षा सुरक्षित असतो.

फोन जुना घेतला असेल, तर पहिल्यांदा फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून टाका. आधीच्या मालकाचं खातं आत राहिलं असेल, तर तुमच्या मुलीचे फोटो त्याच्याकडेही जमा होत राहतील.

बाहेरून येणारं ॲप

लग्नसराईत ‘लग्नपत्रिका’, हंगामात ‘पीएम किसान’, कधी ‘आरटीओ चलन’, तर कधी बँकेच्या नावानं ‘केवायसी’. व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. बरेचदा ती ओळखीच्या नंबरवरूनच येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच बाधित झालेला असतो. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते किंवा व्हिडिओ असतो. एपीके कधीच नसते. एपीके म्हणजे ॲप. ते बसलं की मेसेज वाचण्याची परवानगी मागतं आणि मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची. पहिलीनं ओटीपी दुसरीकडे जातात, दुसरीनं स्क्रीनवर काय दिसतं ते वाचता येतं आणि तुमच्या वतीनं बटणं दाबता येतात. एवढं मिळालं की खातं रिकामं करायला चोराला फोन हातात धरावा लागत नाही.

मुलं अशी फाइल पटकन उघडतात, कारण गेमचे फुकट डायमंड किंवा सिनेमाचं ॲप त्यांनी याच वाटेनं टाकलेलं असतं. ही वाट बंद करा. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’ आणि त्यात ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’. यादीतल्या व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल्स या सगळ्यांसमोरची परवानगी बंद ठेवा. वरच्या शोधपट्टीत ‘अननोन’ टाइप केलं तरी कुठल्याही कंपनीच्या फोनमध्ये हा पर्याय सापडतो. मग प्ले स्टोअरमध्ये उजवीकडच्या फोटोवर दाबून ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू आहे का ते तपासा.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी ॲप कामाचीच आहेत, पण ‘मदत करतो, हे टाका’ असं फोनवरचा अनोळखी माणूस सांगतो तेव्हा त्याला तुमची स्क्रीन बघायची असते. ती टाकायची नाहीत.

अभ्यासाला फोन देताना

‘ॲप पिनिंग’ नावाची सोय बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असते आणि फार कमी लोक ती वापरतात. सेटिंग्जमधल्या ‘सिक्युरिटी’त ती चालू करा आणि ‘बाहेर पडताना पिन विचारा’ हा पर्यायही निवडा. मग यूट्यूब किंवा सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप उघडा, चालू ॲपची यादी दाखवणारं बटण दाबा, ॲपच्या चिन्हावर बोट ठेवा आणि ‘पिन’ निवडा. आता मूल त्या एकाच ॲपमध्ये राहतं. बाहेर यायला तुमचा पिन लागतो. लहान भावंडांसाठी ही सोय उत्तम आहे. आठवी-नववीच्या मुलाला मात्र चार ॲप लागतात, तिथे ती जाच होते. त्याच्यासाठी फोनपे, गुगल पे, बँकेचं ॲप, गॅलरी आणि मेसेज यांना ॲप लॉक लावा आणि बाकीचा फोन मोकळा ठेवा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही, असंही करून टाका. ओटीपी वाचायला फोन उघडावासुद्धा लागू नये, ही स्थिती बरी नाही.

पैशाबद्दल एक साधा बदल सगळ्या सेटिंगपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पीक विकून आलेली रक्कम, पीककर्ज आणि लग्नासाठी साठवलेले पैसे ज्या खात्यात आहेत, ते खातं यूपीआयला जोडूच नका. दुसरं छोटं खातं काढा, महिन्याला लागतील तेवढे दोन-पाच हजार त्यात टाका आणि फोनवर तेवढंच ठेवा. चूक झाली तरी नुकसान तेवढ्यापुरतंच राहील. पण एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि बँकेशी जोडलेलं सिम असलं की कोणीही नव्यानं यूपीआय चालू करू शकतं. म्हणून मोठ्या खात्याचं कार्ड फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नका.

मुलाला दोन गोष्टी पाठच करून घ्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे जातात, येत नाहीत. ओएलएक्सवर जुनी सायकल विकताना ‘पैसे पाठवतो, कोड स्कॅन कर’ म्हणणारा माणूस चोर असतो.

यूपीआय ॲपमधला ‘ऑटोपे’ (आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची यादी) महिन्यातून एकदा उघडा. एक-दोन रुपयांच्या ट्रायलला मुलानं दिलेली परवानगी तिथे दिसते आणि तिथूनच रद्द होते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. तरीही टेलिग्रामवरून एपीके देऊन असे खेळ मुलांपर्यंत पोहोचवले जातात. अशा खेळात पहिल्या दिवशी जिंकू देतात आणि नंतर पैसे काढायलाच पैसे मागतात.

मुलाचा स्वतःचा फोन असेल तर

अठरा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या नावावर सिम मिळत नाही. म्हणजे तो नंबर आई-वडिलांच्या नावावर असतो आणि त्यावरून जे घडेल, त्याची पहिली विचारणा त्यांच्याकडेच होते. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत, ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर आढळला तर तिथूनच ‘माझा नाही’ असं कळवता येतं. फोन हरवला तर तो ब्लॉक करायची सोयही तिथेच आहे. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लागतो. *#०६# दाबून तो आजच बिलावर लिहून ठेवा.

वेगळ्या फोनवर गुगलचं ‘फॅमिली लिंक’ बसवा. नवं ॲप टाकताना परवानगी, रात्री फोन बंद व्हायची वेळ आणि दिवसाची मर्यादा पालकाच्या फोनवरून ठरवता येते. घरात एकच फोन असेल तर याच्या नादी लागू नका; मुलाची बंधनं तुमच्याच कामाच्या आड येतील.

व्हॉट्सॲपसाठी किमान वय १३ आहे. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी’त ‘ग्रुप्स’ला ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा, म्हणजे अनोळखी माणूस मुलीला थेट ग्रुपमध्ये घेऊ शकणार नाही. प्रोफाइल फोटोलाही तेच लावा आणि ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ चालू करा. ‘अकाउंट’मध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन टाका, हा राहिला तर बाकीचं सगळं अर्धवट आहे. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ अधूनमधून बघत जा. वर्गमित्रानं दोन मिनिटं फोन घेऊन कोड स्कॅन केला, की मुलीचे सगळे मेसेज त्याच्या लॅपटॉपवर वाचता येतात.

इन्स्टाग्रामनं फेब्रुवारी २०२५ पासून भारतात ‘टीन अकाउंट’ आणलं आहे. खरी जन्मतारीख दिली तर अठराखालचं खातं आपोआप खासगी राहतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात. सोळाखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. मुलं मात्र १९९५ किंवा २००० साल टाकून खातं काढतात आणि हे सगळं संरक्षण जातं. मुलासोबत बसून जन्मतारीख तपासा. रील करणारी मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि अहिराणी रील बघणारेही. रील करू नका, असं म्हणणं नाही. पण शाळेचा गणवेश, बिल्ला, घराचा पत्ता, गाडीचा नंबर आणि ‘आत्ता मी इथे आहे’ हे त्यात दिसता कामा नये. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याचा व्हिडिओ सण झाल्यावर दोन दिवसांनी टाकला, तर त्याची मजा कमी होत नाही.

वेळेचं म्हणाल तर मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांजवळ जातो आणि दुपारी मुलांना घराबाहेर सोडता येत नाही. त्या चार तासांत फोन पूर्ण बंद ठेवायचा नियम टिकत नाही. रात्रीचा नियम टिकतो: नऊनंतर फोन मोठ्यांच्या खोलीत चार्जिंगला. त्रासाचे बहुतेक संवाद रात्रीच वाढतात, म्हणून हाच नियम जपा.

आधारचा फोटो आणि झेरॉक्सचं दुकान

शिष्यवृत्ती, अकरावी प्रवेश, जातीचा दाखला. प्रत्येक वेळी आधारचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला जातो. प्रिंट निघते आणि फोटो त्या संगणकावर पडून राहतो. याला तीन उपाय आहेत. आधारच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ काढा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि नुसती ओळख दाखवायला ते पुरतं. दुसरं, प्रिंट झाल्यावर मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा आणि उतरवून घेतलेली फाइल पुसायला दुकानदाराला सांगा. तुम्ही समोर उभे असताना तो नाही म्हणत नाही. तिसरं, दुकानाच्या संगणकावर जीमेल किंवा शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल उघडलं असेल तर लॉगआउट करूनच उठा आणि ब्राउझरनं ‘पासवर्ड सेव्ह करू का’ विचारलं की ‘नेव्हर’ दाबा.

शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या मुलांच्या बँक खात्यांवरही डोळा असतो. ‘खातं आणि एटीएम महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं अकरावी-बारावीच्या मुलांना सांगणारे भेटतात. त्या खात्यातून दुसऱ्या कोणाच्या चोरीचे पैसे फिरवले जातात. पुढे खातं गोठतं, शिष्यवृत्ती अडकते आणि पोलिसांची नोटीस मुलाच्या नावानं घरी येते. खातं भाड्यानं देणं हा गुन्ह्यातला सहभाग धरला जातो, हे मुलांना शाळेतच सांगायला हवं.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागात येतात. दहावी-बारावीच्या दिवसांत ‘नाशिक बोर्डाचा पेपर’ विकणारे टेलिग्राम चॅनल निघतात. पैसे घेतात, जुनी प्रश्नपत्रिका पाठवतात किंवा गायब होतात. गुण वाढवून देतो म्हणणारेही त्याच जातीचे. निकालाचा किंवा शिष्यवृत्तीचा दुवा व्हॉट्सॲपवरून उघडू नका. पत्ता स्वतः टाइप करा आणि तो ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’नं संपतो का ते बघा. काही खऱ्या शासकीय प्रवेशस्थळांचे पत्ते वेगळे असतात. ते शाळेच्या सूचना फलकावरून घ्या.

ओळख वाढवणारा अनोळखी

गेमच्या व्हॉइस चॅटमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर सुरुवात साधीच असते. समोरचा मुलाचा खेळ वाखाणतो, गेममधला पोशाख (स्किन) भेट देतो, कधी अहिराणीतच बोलतो. समोरचा आपल्या बोलीत बोलला की तो आपल्याकडचाच, असं मूल धरून चालतं आणि इथेच पाऊल घसरतं. मग बोलणं दुसऱ्या ॲपवर न्यायला सांगतो, रात्री ऑनलाइन बोलावतो, घरच्यांबद्दल विचारतो. ‘कोनले सांगू नको’ हे वाक्य आलं, की समोरचा मित्र नाही, हे मुलाला आधीच माहीत असलं पाहिजे. पुढे एक फोटो मागितला जातो. तो दिला की धमकी येते: पैसे दे किंवा आणखी फोटो दे, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो. आता तर खरा फोटोही लागत नाही. गॅदरिंगच्या साध्या फोटोवरून एआयनं बनावट नग्न फोटो तयार करतात. मुलींइतकेच मुलगेही यात अडकतात आणि मुलगे तर अजिबात बोलत नाहीत.

अशी धमकी आली तर पुढच्या क्रमानं करा.

पैसे देऊ नका, आणखी फोटोही नाही. दिल्यानं मागणी थांबत नाही, वाढते. चॅट पुसू नका, आपलं खातंही बंद करू नका. धमकीचे मेसेज, समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलचा पत्ता, फोन नंबर आणि यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या. पण तो आक्षेपार्ह फोटो सेव्ह करू नका आणि पुरावा म्हणूनही कोणाला, अगदी मुख्याध्यापकांनाही, पाठवू नका. अल्पवयीन मुलाचं असं चित्र बाळगणं किंवा पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्क्रीनशॉट झाले की ॲपमध्येच त्या खात्याची तक्रार करा, मग ब्लॉक करा.

फोटो पसरू नये म्हणून ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. फोटो काढला तेव्हा वय अठराखाली असेल तर ती वापरता येते. फोटो फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त एक अंकी ठसा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढतात. बंदिस्त खासगी चॅटमधलं मात्र तिला काढता येत नाही.

नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या भागात तक्रार करा. तिथे नाव न देता तक्रार करायचीही सोय आहे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास मोफत आहे. मूल जेवत नसेल, गप्प झालं असेल, ‘जगून काय उपयोग’ असं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं.

पोलिसांत जायला घर घाबरतं, कारण ‘मुलीला ठाण्यात बसवतील’. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं याची काळजी घेतली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत. नाव माध्यमांत छापता येत नाही. शाळेनंही प्रकरण ‘आपसात मिटवायचं’ नसतं: लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना न कळवणं हाच कलम २१ नुसार गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाला त्यात एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

वर्गाचा ग्रुप आणि राईनपाडा

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. त्याआधी मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. खान्देशातल्या प्रत्येक शाळेत फॉरवर्डबद्दल शिकवताना उदाहरण बाहेरून आणायची गरज नाही. ही घटना आपल्याच भागातली आहे आणि ती मुलांना सांगितली पाहिजे.

मुलांना सवय लावा ती अशी. मेसेजवर दोन बाण आणि ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ दिसलं, तर तो पाठवणाऱ्यानं लिहिलेला नाही. त्यात तारीख, गाव आणि पोलीस ठाण्याचं नाव आहे का ते बघायचं. फोटो गुगल लेन्सवर टाकायचा. जुना किंवा परदेशातला असेल तर तिथे बहुधा कळतं. तोवर पुढे पाठवायचा नाही. जातीवरून, धर्मावरून किंवा रंगावरून टोचणारं स्टेटस, कोयता-तलवार हातात घेतलेली रील यांवर आता थेट गुन्हे दाखल होतात. अठराखालच्या मुलालाही बाल न्याय मंडळासमोर उभं राहावं लागतं.

शिक्षकांनी वर्गाचा साधा ग्रुप केला की प्रत्येक मुलीचा नंबर सगळ्यांना दिसतो. ‘फक्त ॲडमिन पाठवू शकतो’ असं केलं तरी नंबर दिसतच राहतात. व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’ काढून तिच्या घोषणांच्या भागात पालकांना घ्या. तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. गुणपत्रकाचा आणि शिक्षा झालेल्या मुलाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. स्नेहसंमेलनाचे फोटो लांबून घेतलेले, गटाचे टाका. एकेकट्या मुलीचा जवळून घेतलेला चेहरा नको.

पैसे गेले, ॲप बसलं, व्हॉट्सॲप हातचं गेलं

पैसे गेले तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तिथे गोठवता येतात, म्हणून मिनिटं मोजा. फोन लावताना जवळ ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तो यूपीआय ॲपच्या इतिहासात असतो. लाइन लागत नसेल तर थांबू नका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा आणि एटीएम कार्डाच्या मागच्या नंबरवरून बँकेला कळवा. त्याच दिवशी पोर्टलवरची तक्रार पूर्ण करून पोचक्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान ग्राहकावर येत नाही. चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीच येत नाही. गुगलवर शोधलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर मात्र फोन करू नका. तिथे दुसरा चोर बसलेला असू शकतो.

एपीके बसलंच असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद करा आणि सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी चोराकडे जाणं थांबेल. त्या साध्या फोनवरूनच बँकेला आणि १९३० ला फोन करा. ॲप काढताना ‘अनइन्स्टॉल’ दबत नसेल तर आधी सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मधून त्याची परवानगी काढा. खरा उपाय मात्र फोटो उतरवून घेऊन फॅक्टरी रीसेट हाच. गुगलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. बाधित फोनवर नवा पासवर्ड टाइप केला तर तोही वाचला जातो.

व्हॉट्सॲप जातं ते बहुधा सहा आकडी कोड सांगितल्यामुळे. ‘चुकून तुझ्या नंबरवर कोड आला, सांग ना’, असं मैत्रिणीच्याच खात्यावरून विचारतात, कारण तिचं खातं आधीच गेलेलं असतं. दुसरी युक्ती *४०१* नं सुरू होणारा नंबर डायल करायला लावायची. त्यानं तुमचे फोन चोराकडे वळतात आणि व्हॉट्सॲपचा कोड सांगणारा कॉलही त्याच्याकडेच जातो. ##००२# दाबलं की वळवलेले सगळे कॉल परत तुमच्याकडे येतात. ते करून आपल्याच नंबरनं व्हॉट्सॲप पुन्हा चालू करा. एसएमएसनं आलेला कोड टाकला की चोर बाहेर पडतो. त्यानं स्वतःचा टू-स्टेप पिन टाकून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण तोपर्यंत तोही आत येऊ शकत नाही. नातेवाइकांना साधा फोन करून लगेच कळवा, कारण पुढच्या अर्ध्या तासात तुमच्या नावानं ‘दवाखान्यात आहे, पैसे पाठव’ असे मेसेज मामाला, आत्याला गेलेले असतात.